साडेतीन वर्षांचं मूल ‘आपोआप’ शिकतं ते कसं?

प्रश्न बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आईचा आहे. एकत्र कुटुंब, मुलगा साडेतीन वर्षांचा. घरात मराठी, खाली गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि नर्सरीत इंग्रजी कविता. तो मधूनच ‘मला नथी जोईतं’ असं काहीतरी मिसळून बोलतो. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी एबीसीडी लिहून दाखवते, हा पेन्सिल हातातही धरत नाही. सासूबाई म्हणतात, मुलं आपोआप शिकतात, मागे लागू नकोस. नवरा म्हणतो, क्लास लावू. मग ऐकायचं कोणाचं?

सासूबाईंचं ऐका, पण त्यांचं म्हणणं पुरतं समजून घ्या. मी इथल्याच विद्यापीठात गृहविज्ञान शाखेत बालविकास शिकले आणि नंतर बरीच वर्षं बालवाडी चालवली. मुलं आपोआप शिकतात हे आज्यांच्या तोंडून सारखं ऐकलं आहे. त्यांच्या लहानपणी एक गोष्ट न मागता मिळत होती, ती त्या गृहीत धरतात. मूल मोठ्यांच्या कामात लुडबुडत असायचं आणि त्याला तिथून उचलून कोणी दुसऱ्या खोलीत नेऊन बसवत नव्हतं. मुलं आसपासचं शिकतात हे खरं, पण ज्या कामात त्यांना शिरकाव मिळतो तेवढंच शिकतात. काम स्वयंपाकघरात आणि मूल हॉलमध्ये प्लास्टिकच्या खेळण्यांच्या ढिगात, अशी आपल्या घरांची मांडणी झाली की सासूबाईंचं वाक्य अर्धंच खरं उरतं.

आधी भाषेचं बोलू, कारण तुमची धास्ती तिथे जास्त दिसते आणि तिथेच ती सगळ्यात कमी असायला हवी.

तुमचा मुलगा ‘मी करलं’ म्हणतो का? किंवा ‘बाबा येला’? बहुतेक मराठी मुलं या वयात म्हणतात. आता विचार करा, हे त्याला शिकवलं कोणी? घरात एकही माणूस ‘करलं’ म्हणत नाही. त्याने ‘बसणं-बसलं’, ‘पडणं-पडलं’, ‘उठणं-उठलं’ असं शेकडो वेळा ऐकून स्वतः एक नियम काढला आणि तो ‘करणं’लाही लावला. चूक आहे, पण व्याकरण त्याच्या डोक्यात तयार होत असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. घोकून शिकलेलं मूल अशी चूक करत नाही. ‘केलं’ आणि ‘आला’ हे अपवाद पुढे आपले आपण जागेवर बसतात. तुम्ही फक्त ‘हो का, तू केलंस? एकट्याने केलंस?’ असं बोलत राहायचं. ‘करलं नाही, केलं म्हण’ असं म्हणून त्याला वाक्यात मध्येच थांबवलंत तर तो काय सांगत होता तेच विसरेल.

हे काम बाळं फार लवकर सुरू करतात. १९९६ साली अमेरिकेत आठ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या अक्षरांची एक सलग धार फक्त दोन मिनिटं ऐकवली, मध्ये कुठे विराम नाही, कशावर जोर नाही. कोणती अक्षरं नेहमी एकामागून एक येतात एवढ्यावरून त्यांनी त्यातले ‘शब्द’ वेगळे काढले. आणखी एक प्रयोग तर आपल्या घरातलाच वाटावा. कॅनडातल्या इंग्रजी घरांमधल्या बाळांना १९८४च्या सुमाराला हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाची होत आली तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांना तो ऐकूच येईनासा झाला, कारण त्यांच्या घरात त्या फरकाला काही काम नव्हतं. हिंदी घरातल्या मुलांचा तो टिकला. आपल्याकडे ‘चाक’मधला च आणि ‘चिमणी’तला च वेगळे, गुजरातीत एकच च. बडोद्यातलं मराठी मूल हा भेद घरात ऐकतं आणि गल्लीत सोडून देतं, कोणी न सांगता.

म्हणून ‘मला नथी जोईतं’ची काळजी करू नका. दोन भाषांत वाढणारी मुलं शब्द मिसळतात. ज्या भाषेतला शब्द आधी हाताशी येईल तो वापरतात, आणि इथे तर मोठी माणसंही तशीच बोलतात. बडोद्याची मराठी पुण्याच्या कानाला तशीही गुजरातीच वाटते, त्याचं आपण काही वाईट वाटून घेत नाही. मिसळण्याने भाषा उशिरा येते असंही नाही. थोडं निरखून बघा: आजीशी बोलताना त्याचं मराठीचं प्रमाण जास्त असेल आणि खालच्या दुकानदाराशी गुजरातीचं. कोणाशी कोणती भाषा चालते याचा हिशोब त्याने कधीच मांडला आहे. घरात तुम्ही एकच पथ्य पाळा: मुलाशी मराठीत भरपूर आणि पूर्ण वाक्यांत बोला. शाळेच्या धास्तीने तुटक इंग्रजीत ‘बेटा, वॉटर पी ले’ सुरू करू नका. त्यात त्याला ना इंग्रजी मिळतं ना मराठी. ज्या भाषेत तुम्ही रागावू शकता, गंमत करू शकता, कालची गोष्ट रंगवून सांगू शकता, ती त्याला द्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही कल सुरुवातीची वर्षं मातृभाषेत शिकवण्याकडेच आहे.

मोबाइलवरच्या इंग्रजी कवितांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली, खेळवली, पुस्तकं दाखवली. त्या बाळांना चिनी ध्वनींमधला भेद चांगला कळू लागला. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. त्यांच्यात काही फरक पडला नाही. समोर माणूस हवा, आपण हसलो तर हसणारा, बोट दाखवलं तर तिकडे बघणारा. नऊ महिन्यांच्या बाळांचा हा निष्कर्ष साडेतीन वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावू नये; तोवर मुलं पडद्यावरून काही गाणी आणि शब्द उचलतात. पण उचललेलं वापरायला समोर कोणी नसेल तर ते तिथेच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, त्याहून कमी तर उत्तम, असं सांगितलं आहे. जेवताना मोबाइल, ही सवय मात्र आधी मोडा. एकत्र कुटुंबाचं जेवण म्हणजे भाषेची सगळ्यात मोठी शिकवणी असते आणि ती फुकट आहे.

आता शिरकावाचं. आपल्या शहरात याचं उदाहरण नवरात्रात रोज रात्री डोळ्यांसमोर असतं. बडोद्याचा गरबा गोल फिरतो. त्या गोलाच्या कडेला चार-पाच वर्षांची पोरं आईच्या ओढणीला धरून चालत असतात. कोणी थांबून त्यांना पावलं शिकवत नाही. पहिल्या वर्षी ती नुसती ओढली जातात. मग टाळी चुकीच्या ठिकाणी पडू लागते, मग बरोबर ठिकाणी पडते पण पाय मागे राहतात, आणि एखाद्या वर्षी अचानक तीच पोर आतल्या गोलात दिसते. शिकवणारा कोण? सगळेच आणि कोणीच नाही. पण या सोप्या दिसणाऱ्या गोष्टीत काय काय आहे ते बघा. मुलाला गोलात जागा आहे. खरा गरबा चालू आहे, मुलांसाठी वेगळा केलेला नाही. तेच पाऊल शेकडो वेळा समोर येतं. चुकलं तर कोणी हसत नाही, परीक्षा घेत नाही. आणि शेजारी थोडी मोठी मुलं आहेत, जी जरा पुढे गेली आहेत. ती या लहानग्यांना मोठ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. यातलं एक जरी काढलं, समजा मुलाला खुर्चीवर बसवून समोरचा गरबा ‘बघ हं नीट’ म्हणून दाखवला, तरी काही प्रमाणात शिकेल, पण असं नाही.

उत्तरायणातही तेच. पतंग उडवणाऱ्याच्या मागे फिरकी धरून उभं राहणारं पोर दिवसभरात वारा, ढील, खेच सगळं बघतं. (मांजा मात्र हातात देऊ नका, काचेचा तर अजिबात नको. नुसती फिरकी, तीही कोणीतरी शेजारी असताना.)

नक्कल हे या वयाचं सगळ्यात मोठं हत्यार आहे आणि माणसाची पिल्लं त्यात सगळ्यांच्या पुढे आहेत, कधीकधी गरजेपेक्षा जास्त. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका पेटीतून खाऊ काढून दाखवला, पण मध्ये काही निरर्थक ठोकाठोकी करून. पेटी पारदर्शक असताना ठोकण्याचा उपयोग नाही हे स्पष्ट दिसत होतं. चिंपांझींनी ती ठोकाठोक सोडून दिली आणि सरळ खाऊ काढला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र सगळं तसंच केलं, ठोकण्यासकट. ऐकून हसू येतं. पण कुकरची शिट्टी काढण्यापूर्वी आई जरा थांबते किंवा देवापुढे दिवा लावल्यावर आजी हात जोडते, यातलं कशाला कारण आहे आणि कशाला नाही हे मुलाला आधी कळणार कसं? ते आधी सगळं उचलतं, गाळणं नंतर. म्हणून घरात तुम्ही वस्तू आपटत असाल तर तीही उचलली जाते. त्यावर उपदेशाचा उपाय चालत नाही.

काही गोष्टी आपण मोठे, विशेषतः शिकलेले मोठे, नकळत घालवतो. ग्वाटेमालातल्या माया कुटुंबांमध्ये एक निरीक्षण झालं: एका भावंडाला खेळणं बनवायला शिकवायचं आणि दुसऱ्याला शेजारी नुसतं थांबायला सांगायचं. ज्या घरांत आईचं शालेय शिक्षण कमी होतं आणि जुनी रीत टिकून होती, तिथलं थांबलेलं मूल टक लावून बघत होतं आणि नंतर त्याला ते खेळणं बऱ्यापैकी जमलंही. जास्त शिकलेल्या आयांच्या मुलांचं लक्ष तेवढं नव्हतं. शिक्षण वाईट असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ‘आता तुझी पाळी, आता तुला शिकवते’ याची सवय झालेलं मूल स्वतःची पाळी येईपर्यंत बघणं सोडून देतं. क्लासबद्दल माझी खरी अडचण ही आहे. तिथे एबीसीडी येईल, पण रोज तिथून तो हेही घेऊन येईल की शिकणं म्हणजे कोणीतरी समोर बसून सांगतं ते.

घरात काय करायचं? वेगळं काही आणू नका. मटार सोलायला बसाल तेव्हा त्याला समोर घ्या. उंधियूची पापडी असेल तर फारच छान. शेंग कुठून फुटते हे बोटांनी शोधायला त्याला वेळ लागेल. तुमचं वीस मिनिटांचं काम तासाचं होईल, हे मान्य करूनच बसा, नाहीतर बसू नका. घाईत मुलाला कामात घेतलं की पाचव्या मिनिटाला आपण ‘दे इकडे’ म्हणतो, आणि तेही त्याच्या लक्षात राहतं. मेथी निवडणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, तांदूळ धुवायला पाणी घालणं, धुतलेले मोजे जोडीने लावणं, कणकेचा गोळा घेऊन वेडीवाकडी पोळी लाटणं. ती पोळी भाजून त्याच्या ताटात वाढा, कचऱ्यात टाकू नका. काम खरं आहे की खोटं हे मुलांना लगेच कळतं. खेळण्यातल्या भातुकलीवर पंधरा मिनिटं रमणारं मूल खऱ्या लाटण्यावर अर्धा तास टिकतं.

रात्री पानं मांडायला सांगा. घरात सहा माणसं, तर प्रत्येकाला एक ताट, एक वाटी, एक पेला. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत ज्यांना चार पेले आणायला सांगितले तर हातात येतील तेवढे आणतात. अंक म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी पानं मांडताना येते. ‘आज आत्या आली आहे, आता किती लागतील?’ एवढं विचारलं की बेरीजही आलीच.

बाहेर नेताना एक पथ्य. मूल ज्याकडे बघत असतं त्याचं नाव आपण त्या क्षणी सांगितलं तर तो शब्द पटकन बसतो. आपण त्याची मान वळवून ‘ते बघ, ते बघ’ केलं तर तेवढा बसत नाही. कमाटीबागेत आपण मुलाला वाघ दाखवायला नेतो आणि ते कुंपणाच्या पायथ्याशी मुंग्यांची रांग बघत उभं राहतं. तिकिटाचे पैसे गेले असं वाटतं. मुंग्यांवर बोला. त्या कुठून येतात, तोंडात काय आहे, वाटेत काडी ठेवली तर काय करतील. वाघ पुढच्या रविवारी. खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला त्याला बरोबर न्या, पिशवीत वांगी तो टाकेल, गुजरातीत भाव तो ऐकेल. नवऱ्याला क्लासचा आग्रह असेल तर दर रविवारचं हे काम त्यांच्याकडे द्या. विनोद करत नाहीये. वडिलांबरोबरचं बोलणं वेगळं असतं आणि मुलाला तेही हवं असतं.

हा विचार नुसता बाहेरून आलेला नाही, आपल्याच भागात रुजलेला आहे. गिजुभाई बधेका व्यवसायाने वकील. त्यांनी १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेचं बालमंदिर सुरू केलं. मूळ प्रेरणा इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींची, पण गाणी, गोष्टी, नाटक सगळं काठियावाडी. १९२३च्या सुमाराला ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. ताराबाईंनी पुढे १९४५मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना बरोबर घेऊन वारली मुलांमध्ये काम केलं. माँटेसोरींची साधनं महाग होती आणि त्या मुलांना परकीही होती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, दगड घेतले. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. मुलाच्या भोवती जे आहे तेच साधन, हे त्यांनी करून दाखवलं. आज त्याच साधनांची प्लास्टिकची नक्कल ‘माँटेसोरी किट’ म्हणून हजारो रुपयांना मिळते. घेऊ नका.

आता सासूबाईंच्या म्हणण्याची मर्यादा. बोलणं आपोआप येतं, लिहिणं-वाचणं येत नाही. माणूस बोलतो आहे त्या मानाने लिपी कालचीच, जेमतेम पाच हजार वर्षांची. अक्षरांनी भरलेल्या घरात वाढूनही बहुतेक मुलांना वाचायला शिकवावंच लागतं, नीट आणि टप्प्याटप्प्याने. प्रश्न फक्त कधी, एवढाच. साडेतीन हे ते वय नाही. मनगटातली आठ हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करून हाडं बनतात. शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या आसपास. बोटांवरचा ताबा याच काळात हळूहळू येतो. पेन्सिल न धरणाऱ्या हाताला कणीक, चिकणमाती, कापडाचे चिमटे, खडूने फरशीवर मोठमोठ्या रेघा हे सगळं द्या, पेन्सिल आपली येईल. महाराज सयाजीरावांनी १९०६मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा सक्तीचं वय सातव्या वर्षापासून धरलं होतं. आज गुजरातेत पहिलीला सहा पूर्ण लागतात. तुमच्या मुलाकडे अडीच वर्षं आहेत. शेजारची मुलगी लिहिते तर लिहू दे, कौतुक करा. ती अक्षराचं चित्र काढते आहे. त्याचा आवाज तिला ठाऊक आहे की नाही हे वेगळं.

या अडीच वर्षांत वाचनाची जमीन तयार करता येते. रोज झोपताना पुस्तक वाचून दाखवा, तेच तेच मागितलं तरी तेच वाचा. आणि आवाजांचे खेळ खेळा: ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोध, ‘माळा’सारखं ऐकू येणारं आणखी काय? काळा, फळा, शाळा. रिक्षात बसल्या बसल्या होतं. अक्षर दिसण्याआधी ते ऐकू यायला हवं, आणि देवनागरी वाचायला लागल्यावर याचा फार उपयोग होतो.

आणि एका बाबतीत सासूबाईंचं मुळीच ऐकू नका. घरातलं कोणतंही मूल वर्षाचं होऊनही बोट दाखवत नसेल किंवा बडबडत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात गेलं असेल, तर ‘आमचा बाळू पण उशिराच बोलला’ यावर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्या, टाळी वाजवून बघण्यावर भागवू नका. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला एकत्र कुटुंबाचा सगळा गलबला असूनही भाषा मिळत नाही, आणि तिथे गेलेले महिने महाग पडतात. तुमचा मुलगा दोन भाषा मिसळून पूर्ण वाक्य बोलतो, ‘नको’ ठामपणे सांगतो, त्यामुळे तुमच्या पत्रात मला तसं काही दिसत नाही. तरी वारंवार सर्दी होऊन कान दुखत असतील तर एकदा दाखवून घ्या.

क्लास लावायचाच असं घरात ठरलं तर आधी स्वतः जाऊन तासभर मागे बसा. मुलं जागेवरून उठतात का, एकमेकांशी बोलतात का, हाताला माती-पाणी लागतं का, बाई मराठी किंवा गुजरातीत गोष्ट सांगतात का हे बघा. सगळी एका रांगेत बसून वहीत एकच अक्षर गिरवत असतील, तर पैसे भरू नका.